नकाशामागची जमीन ओळखणारे शास्त्र

उपग्रहांनी टिपलेल्या प्रतिमा आणि संगणकावरचे नकाशे यांचा वापर आता पीकविम्यापासून महापालिकेच्या करआकारणीपर्यंत सर्वत्र होतो. साहजिकच ‘भौगोलिक माहिती प्रणाली’ आणि ‘सुदूर संवेदन’ या विषयांकडे विद्यार्थी करिअरच्या दृष्टीने पाहू लागले आहेत. हे विषय महाविद्यालयात कसे आणि कुठे शिकावेत, आणि केवळ सॉफ्टवेअर हाताळता येणे पुरेसे का ठरत नाही, याचा हा ऊहापोह.

१९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे बेपत्ताच राहिली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने त्या वेळी सांगितले. त्यापूर्वी ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव असेच डोंगराखाली गाडले गेले होते आणि दीडशेहून अधिक जणांचा बळी गेला होता. या नऊ वर्षांत देशाकडे उपग्रहांची उणीव नव्हती, नकाशे तयार करणाऱ्या संस्थांचीही नव्हती. तरीही एखादी वाडी यादीतून सुटू शकते, ही वस्तुस्थिती आहे. उपग्रहाला काय दिसते, काय दिसत नाही आणि जे दिसते त्याचा अर्थ कसा लावायचा, हे शिकवणाऱ्या शास्त्राचे महत्त्व यातून लक्षात यावे.

या शास्त्राची दोन अंगे आहेत. पहिले ‘सुदूर संवेदन’ आणि दुसरे ‘भौगोलिक माहिती प्रणाली’, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले ‘जीआयएस’. दोन्ही मिळून ‘जिओइन्फर्मेटिक्स’ असे नाव अनेक अभ्यासक्रमांना दिले जाते.

लाल जंगल आणि काळे पाणी

एखाद्या वस्तूला स्पर्श न करता, दुरून तिच्याविषयी माहिती मिळवणे म्हणजे सुदूर संवेदन. सूर्यप्रकाश जमिनीवर पडतो, त्यातील काही भाग शोषला जातो आणि काही परावर्तित होतो. प्रत्येक पदार्थाची परावर्तनाची रीत वेगळी. हिरव्या पानातील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते. मात्र डोळ्यांना न दिसणारे समीप अवरक्त किरण पानाच्या अंतर्गत रचनेमुळे मोठ्या प्रमाणावर परत फेकले जातात. पाणी हे किरण जवळजवळ पूर्णपणे गिळून टाकते. उपग्रहावरील संवेदक हा फरक वेगवेगळ्या पट्ट्यांत मोजतो. प्रतिमा पडद्यावर दाखवताना अवरक्त पट्ट्याला लाल रंग देण्याची पद्धत आहे. त्यामुळे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासमोर जी पहिली प्रतिमा येते, तीत जंगल रक्तासारखे लाल आणि धरणाचे पाणी काळेभोर दिसते. प्रतिमा वाचण्याची सुरुवात या आश्चर्यापासून होते.

भारताने या क्षेत्रात बरीच आधी पावले टाकली. ‘आयआरएस-१ए’ हा आपला पहिला पूर्ण कार्यक्षम सुदूर संवेदन उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी सोव्हिएत संघातील बैकोनूर येथून सोडण्यात आला. त्याच्या एका कॅमेऱ्यातील प्रतिमेचा एक ठिपका जमिनीवरील सुमारे ७२ मीटर लांब-रुंद तुकड्याचा असे. नोव्हेंबर २०१९मध्ये प्रक्षेपित झालेल्या ‘कार्टोसॅट-३’च्या कृष्णधवल प्रतिमेत हे माप सुमारे २५ सेंटिमीटरवर आले, म्हणजे जेमतेम वीतभर.

सातबारा आणि गावनकाशा

जीआयएस म्हणजे काय, हे समजावून सांगण्यासाठी परदेशी उदाहरणांची गरज नाही. तलाठ्याच्या दप्तरात सातबारा असतो आणि गावचा नकाशा असतो. सातबाऱ्यावर मालकाचे नाव, क्षेत्र, पीक, बोजा यांच्या नोंदी असतात. नकाशावर शेताचा आकार आणि शेजार असतो. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे गट क्रमांक. जीआयएसमध्येही हेच घडते. आकृती एकीकडे, तिच्याविषयीचा तक्ता दुसरीकडे आणि त्यांना बांधणारा एक क्रमांक. फरक इतकाच, की संगणक अशा शेकडो नकाशांचे थर एकावर एक ठेवून त्यांना प्रश्न विचारू देतो. नदीपासून शंभर मीटरच्या आत, काळ्या मातीत, रस्त्यालगत आणि ज्यावर बांधकाम झालेले नाही, असे गट कोणते? हाताने शोधायला महिने लागतील असे उत्तर काही क्षणांत मिळते.

परंतु याच उदाहरणात या शास्त्राची मर्यादाही दडलेली आहे. सातबाऱ्यावरची नोंद जुनी असेल आणि बांध प्रत्यक्षात सरकलेला असेल, तर दोन्ही कागद बिनचूक जोडूनही उत्तर चुकीचेच येणार. संगणक थर जोडतो. थरातील माहिती खरी आहे की नाही, हे त्याला कळत नाही. ते कळणे हे विद्यार्थ्याचे काम आहे आणि खरे शिक्षण तेथेच सुरू होते.

एका पिक्सेलमध्ये किती गुंठे?

उपग्रह प्रतिमा ज्या चौकोनी ठिपक्यांची बनलेली असते, त्यांना पिक्सेल म्हणतात. त्यांचे माप मीटरमध्ये सांगितले की ते अमूर्त वाटते. आपल्याकडे जमीन गुंठ्यांत मोजतात, म्हणून हिशेबही गुंठ्यांत करून पाहावा. महाराष्ट्रातील भूमापकांची जुनी साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा; म्हणजेच १,०८९ चौरस फूट किंवा सुमारे १०१ चौरस मीटर.

आता युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ उपग्रहाच्या मुख्य पट्ट्यांतील पिक्सेल घ्या. तो १० मीटर लांब-रुंद, म्हणजे १०० चौरस मीटरचा असतो. योगायोग असा, की आधुनिक उपग्रहाचा पिक्सेल आणि आपला गुंठा यांचे माप जवळजवळ एकच आहे. अमेरिकेच्या ‘लँडसॅट’चा ३० मीटरचा पिक्सेल सुमारे नऊ गुंठ्यांचा. भारताच्या ‘लिस-३’ संवेदकाचा साडेतेवीस मीटरचा पिक्सेल साडेपाच गुंठ्यांच्या आसपास, तर ‘लिस-४’चा गुंठ्याच्या तृतीयांशाइतका.

या साध्या गणितातून बरेच काही उलगडते. एखाद्या शेतकऱ्याचा दहा गुंठ्यांचा कांद्याचा तुकडा लँडसॅटच्या प्रतिमेत एका पिक्सेलएवढाच भरतो. तोही त्याच्या बांधाशी जुळत नाही. चार पिक्सेलांत विभागला जातो आणि प्रत्येकात शेजारचा ऊस, बांधावरची बाभूळ, विहीर, पायवाट यांची सरमिसळ होते. अशा पिक्सेलला ‘कांदा’ म्हणावे की ‘ऊस’, हे संगणक एका सूत्राने ठरवतो. शेकडो हेक्टरचे गव्हाचे सलग शेत असलेल्या देशात हे सूत्र जितके बरोबर येते, तितके ते तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत येत नाही. पीकविम्याच्या किंवा दुष्काळाच्या निर्णयात अशा प्रतिमांचा वापर होतो, तेव्हा या सरमिसळीची किंमत एखाद्या घराला मोजावी लागू शकते.

मग सर्वत्र वीतभर पिक्सेलच का वापरत नाहीत? कारण बारीक पाहणाऱ्याची नजर अरुंद असते. ‘कार्टोसॅट-३’ एका फेरीत सुमारे १६ किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपतो. ‘रिसोर्ससॅट’वरील ‘एविफ्स’ संवेदकाचा पिक्सेल ५६ मीटरचा असला, तरी त्याचा पट्टा ७४० किलोमीटर रुंद असतो आणि पाचएक दिवसांनी तो पुन्हा त्याच ठिकाणी येतो. राज्यभरातील पिकांची वाढ पाहायची असेल तर दुसरा, आणि एखाद्या वस्तीतील घरे मोजायची असतील तर पहिला उपयोगाचा. कोणत्या प्रश्नाला कोणती प्रतिमा, हा विवेक येणे हा अभ्यासक्रमाचा गाभा आहे.

पावसाळा ही आपल्याकडची आणखी एक अडचण. जून ते सप्टेंबर या काळात, म्हणजे पूर, दरडी आणि खरीप यांच्या ऐन दिवसांत, महाराष्ट्रावर ढगांचे आच्छादन असते आणि साध्या कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही. तेथे रडार उपयोगी पडते. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात आणि रात्रीही काम करतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली परिसरात आला तशा महापुराची व्याप्ती आकाश मोकळे होण्यापूर्वी पाहायची, तर रडार प्रतिमांशिवाय पर्याय नसतो. ‘नासा’ आणि ‘इस्रो’ यांचा संयुक्त ‘निसार’ उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. योगायोगाने माळीणच्या दुर्घटनेला त्याच दिवशी ११ वर्षे पूर्ण झाली. दर बारा दिवसांनी त्याच जमिनीवर परतणारा हा रडार उपग्रह भूपृष्ठाच्या सूक्ष्म हालचाली मोजण्यासाठी आहे. अचानक सुटणाऱ्या प्रत्येक दरडीची सूचना त्यातून मिळेलच असे नाही. तथापि, हळूहळू सरकणारे उतार ओळखण्याचे ते मोठे साधन आहे आणि त्याच्या नोंदी वाचू शकणाऱ्या तरुणांची आपल्याला गरज आहे.

दरडींचा नकाशा कसा तयार होतो?

पदव्युत्तर वर्गात दिला जाणारा एक नेहमीचा प्रकल्प पाहू. एखाद्या तालुक्यातील दरडप्रवण भाग शोधायचा आहे. विद्यार्थी प्रथम भूपृष्ठाच्या उंचीचे अंकीय प्रारूप घेतो. अमेरिकी अवकाशयानाने २०००मध्ये रडारने केलेल्या मोजणीतून किंवा भारताच्या ‘कार्टोसॅट-१’च्या प्रतिमांतून तयार झालेले असे प्रारूप ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये विनामूल्य मिळते. त्यावरून उताराचा थर निघतो. मग खडकांचा प्रकार, मातीची जाडी, ओढ्यांचे जाळे, जमिनीचा वापर, रस्त्यांसाठी कापलेले डोंगर आणि पर्जन्यमान यांचे थर येतात. प्रत्येक थराला महत्त्वानुसार गुण दिले जातात, सर्वांची बेरीज होते आणि लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांचा नकाशा तयार होतो.

नकाशा दिसायला देखणा असतो. पण त्याला विचारण्याचे प्रश्न अनेक आहेत. दोनशे मीटर रुंदीची वाडी म्हणजे ३० मीटरच्या प्रारूपात जेमतेम सहा-सात पिक्सेल. वाडीच्या मागचा वीस मीटरचा कडा त्या सरासरीत सपाट होऊन जाऊ शकतो. सह्याद्रीत बेसॉल्टची झीज होऊन तयार झालेल्या मातीचा थर कुठे हातभर तर कुठे काही मीटर जाड असतो, आणि अतिवृष्टीत त्यात मुरलेले पाणी दरडीला कारणीभूत ठरते. ही जाडी उपग्रहातून मोजता येत नाही. उताराला किती गुण आणि पावसाला किती, हे कोणी ठरवले? गुण बदलले, तर एखादी वाडी लालमधून पिवळ्या रंगात जाते. नकाशात तो केवळ रंगाचा फरक असतो. वाडीतल्या माणसांसाठी तो स्थलांतर करण्याचा किंवा न करण्याचा निर्णय असतो.

म्हणून चांगला शिक्षक विद्यार्थ्याला डोंगरावर पाठवतो. जमिनीला भेगा पडल्या आहेत का, झाडे आणि विजेचे खांब कलले आहेत का, पूर्वी नसलेल्या जागी पाण्याचे झरे फुटले आहेत का, हे तेथेच कळते. या पट्टीत पूर्वी कधी माती सरकली होती का, हे वाडीतील वृद्धांना विचारावे लागते. या पडताळणीला इंग्रजीत ‘ग्राउंड ट्रुथ’ म्हणतात; म्हणजे जमिनीची साक्ष. ती काढल्याशिवाय नकाशा पुरा होत नाही. नकाशाची अचूकता नव्वद टक्के आली की विद्यार्थी खूश होतात. मात्र शंभर जागा तपासल्या तर त्यांपैकी दहा चुकल्या, असाच त्याचा अर्थ असतो. त्या दहा जागी कोण राहते, हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थिदशेतच लागली पाहिजे.

व्याख्या बदलली की नकाशा बदलतो

दुसरे उदाहरण वनांचे. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७पासून साधारण दर दोन वर्षांनी देशातील वनाच्छादनाचा अहवाल प्रसिद्ध करते. त्यातील व्याख्येनुसार एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रावर झाडांच्या शेंड्यांचे आच्छादन दहा टक्के किंवा अधिक असले, की ते वनाच्छादन धरले जाते. मालकी कोणाची आणि झाडे कोणती, हे पाहिले जात नाही. त्यामुळे कोकणातील हापूसच्या बागा किंवा नारळाच्या वाड्याही या आकड्यात येऊ शकतात. यात लपवाछपवी काहीच नाही. व्याख्या अहवालातच छापलेली असते. परंतु व्याख्या न वाचता ‘राज्यातील जंगल वाढले’ किंवा ‘घटले’ असे म्हणणारा फसतो. नकाशाच्या कोपऱ्यातील सूचीतल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारायला शिकणे, हाही याच शिक्षणाचा भाग.

वनहक्कांच्या बाबतीत तर हा प्रश्न थेट पोटाशी जोडलेला आहे. २००६च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींना त्या जमिनीवर दावा करता येतो. दावा तपासताना त्या काळातील उपग्रह प्रतिमा पाहिल्या जातात. आता साडेपाच गुंठ्यांच्या पिक्सेलमध्ये, झाडांच्या अधूनमधून नाचणी-वरी पिकवणारी लहानशी पट्टी कशी दिसणार? प्रतिमा उन्हाळ्यातील असेल, तर पीक नसलेले शेत आणि माळरान यांत भेद कसा करणार? ही मर्यादा ओळखूनच २०१२मध्ये सुधारलेल्या नियमांत स्पष्ट करण्यात आले, की उपग्रह प्रतिमा इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापराव्यात. त्यांची जागा प्रतिमांनी घेऊ नये. पिक्सेलचे गणित समजणारा तरुण अशा वेळी प्रशासनालाही उपयोगी पडतो आणि दावेदारालाही.

अभ्यासक्रमात काय असते?

बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांत पहिल्या सत्रात नकाशाशास्त्र, सुदूर संवेदनाची भौतिकी, जीआयएसची मूलतत्त्वे, सांख्यिकी आणि उपग्रहाधारित स्थाननिश्चिती हे विषय असतात. पुढे प्रतिमांचे संगणकीय विश्लेषण, माहितीसाठ्यांची रचना, प्रोग्रामिंग, रडार, ड्रोनद्वारे सर्वेक्षण आणि शेती, पाणी, नगररचना, आपत्ती यांपैकी एखाद्या क्षेत्रातील उपयोजन येते. शेवटचे सत्र प्रकल्पासाठी राखलेले असते.

यातील सर्वांत कंटाळवाणा वाटणारा आणि सर्वांत जास्त चुका घडवणारा भाग म्हणजे प्रक्षेपण. गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडताना काहीतरी बिघडतेच. काय बिघडू द्यायचे, हे आधी ठरवावे लागते. प्रचलित जागतिक पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडले जातात. महाराष्ट्र अशा दोन पट्ट्यांत विभागला जातो. ७८ अंश पूर्व रेखावृत्त अमरावती आणि वर्धा यांच्या मधून जाते. मुंबई, पुणे, अमरावती ४३व्या पट्ट्यात, तर वर्धा, नागपूर, चंद्रपूर ४४व्या पट्ट्यात. विदर्भाचा नकाशा करताना हे विसरले की दोन जिल्हे एकमेकांशी जुळत नाहीत. तसेच भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १८३०च्या पृथ्वीमापावर आधारलेले आहेत आणि आजचे जीपीएस वेगळ्या मापावर. रूपांतर न करता एकावर दुसरा ठेवला, तर विहीर शेकडो फुटांनी सरकून शेजाऱ्याच्या रानात जाते. संगणक याबद्दल तक्रार करीलच असे नाही.

कुठे शिकावे?

पदवीच्या पातळीवर बहुतेक विद्यार्थी भूगोल, भूगर्भशास्त्र, पर्यावरणशास्त्र, स्थापत्य अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्र यांमार्गे या विषयाकडे येतात. कला शाखेतून भूगोल घेतलेल्यांनाही दार बंद नाही; अनेक ठिकाणी त्यांना पदव्युत्तर पदविका किंवा पदवीला प्रवेश मिळतो. मात्र बारावीपर्यंतचे गणित आणि थोडी सांख्यिकी त्यांनी स्वतःहून पक्की करावी.

या क्षेत्रातील सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक म्हणजे डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था. १९६६मध्ये नेदरलँड्सच्या सहकार्याने, विमानातून घेतलेल्या छायाचित्रांच्या वाचनाचे शिक्षण देण्यासाठी ती सुरू झाली. आज ती ‘इस्रो’चा भाग आहे. तेथे अल्प मुदतीच्या प्रशिक्षणापासून एम.टेक.पर्यंतचे शिक्षण मिळते. २००७पासून ही संस्था दूरस्थ पद्धतीनेही वर्ग घेते. गावाकडच्या महाविद्यालयात शिकणाऱ्यांनी त्याचा अवश्य लाभ घ्यावा. मुंबईच्या आयआयटीतील साधनसंपत्ती अभियांत्रिकी अध्ययन केंद्र १९७६पासून कार्यरत आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि २००४मध्ये स्थापन झालेली सिम्बायोसिसची जिओइन्फर्मेटिक्स संस्था हे पर्याय आहेत. राज्याबाहेर चेन्नईचे अण्णा विद्यापीठ, रुरकी आणि कानपूर येथील आयआयटी, तिरुअनंतपुरमची भारतीय अवकाश विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था यांचा विचार करता येईल. एम.टेक.साठीच्या ‘गेट’ परीक्षेत २०२२पासून ‘जिओमॅटिक्स अभियांत्रिकी’ ही स्वतंत्र प्रश्नपत्रिका सुरू झाली आहे. प्रवेशाच्या अटी, शुल्क आणि जागा दरवर्षी बदलतात. त्या संस्थेकडूनच पडताळून घ्याव्यात.

प्रवेश घेण्यापूर्वी हे विचारा

संस्थेच्या माहितीपत्रकात सॉफ्टवेअरच्या नावांची लांबलचक यादी असते. त्यापेक्षा पुढील गोष्टी विचारणे हिताचे. वर्षभरात प्रत्यक्ष क्षेत्रात किती दिवस काम असते? मोजणीची साधने विद्यार्थ्यांच्या हाती दिली जातात की कपाटात असतात? गेल्या दोन वर्षांतील प्रकल्प वाचायला मिळतील का, आणि त्यांत अचूकता कशी तपासली आहे? प्रोग्रामिंग नियमितपणे शिकवले जाते की एखाद्या कार्यशाळेत उरकले जाते? शिक्षकांपैकी भूगोल किंवा भूगर्भशास्त्र जाणणारे किती? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर संगणक-प्रयोगशाळा साधी असली तरी चालेल. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या दर वर्षी बदलतात. जमीन वाचण्याची रीत जन्मभर पुरते.

संधी आणि बदलते वारे

कामाची क्षेत्रे अनेक आहेत. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र, भारतीय सर्वेक्षण विभाग, नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, दिल्लीतील महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र यांसारख्या शासकीय संस्था. नगररचना, मेट्रो, महामार्ग, वीज आणि गॅसवाहिन्या यांची कामे करणाऱ्या सल्लागार कंपन्या. विमा, दूरसंचार आणि वाहतूक क्षेत्रातील उद्योग. तसेच पाणलोट आणि वन्यजीवांवर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था. गावठाणातील घरांची ड्रोनने मोजणी करून मालमत्तापत्रक देणारी केंद्राची ‘स्वामित्व’ योजना २०२०मध्ये सुरू झाली. त्यातून नकाशाचे काम थेट गावाच्या चावडीपर्यंत पोहोचले.

धोरणही बदलले आहे. पूर्वी किनारपट्टी आणि सीमाभागाचे स्थलदर्शक नकाशे विद्यार्थ्यांना सहजी मिळत नसत. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने त्यात काही मोकळीक आणली. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्था आणि कंपन्यांना पूर्वपरवानगीशिवाय नकाशे तयार करण्याची मुभा दिली आणि २०२२मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण आले.

तरीही पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या क्षेत्रात नव्याने आलेल्याला बहुधा प्रतिमेवर रस्ते आणि इमारती गिरवण्याचे काम मिळते. ते किचकट असते, त्यात मान मोडते आणि मोबदलाही बेताचा असतो. शिवाय हे गिरवणे आता संगणकच झपाट्याने शिकत आहे. केवळ ‘कोणते बटण कुठे’ एवढेच जाणणाऱ्याचे काम सर्वांत आधी जाईल. पायथॉनसारखी भाषा, माहितीसाठ्याची रचना आणि सांख्यिकी यांची जोड असलेला विद्यार्थी टिकेल. त्याच्याही पुढे जाईल तो, ज्याला यासोबत पाणी, माती, शेती किंवा शहर यांपैकी एका विषयाची खोल जाण आहे. यंत्राने काढलेली रेषा चुकली आहे, हे तोच सांगू शकतो.

घरबसल्या सुरुवात

प्रवेशाची वाट न पाहताही आरंभ करता येतो. ‘क्यूजीआयएस’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि साध्या संगणकावर चालते. लँडसॅटचे भांडार २००८पासून सर्वांना मोफत खुले झाले; सेंटिनेलच्या प्रतिमाही मोफत मिळतात. ‘इस्रो’चे ‘भुवन’ हे संकेतस्थळ २००९पासून उपलब्ध आहे.

पहिला अभ्यास म्हणून बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर घ्यावे. २०२०च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाल्याचे सर्वांना आठवत असेल. मे आणि जून २०२०मधील प्रतिमा उतरवून घ्याव्यात, तांबड्या आणि हिरव्या पट्ट्यांतील आकडे ताडून पाहावेत. रंगातील बदल आकड्यांत दिसेल. मात्र पाणी गुलाबी का झाले, हे त्या आकड्यांत कुठेही सापडणार नाही. त्यासाठी पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत न्यावे लागले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढला. काय बदलले, कुठे आणि केव्हा, हे उपग्रहाने सांगितले. का बदलले, ते बाटलीभर पाण्याने सांगितले.

दुसरा अभ्यास आणखी सोपा आहे. आपल्या गावाची किंवा शहरातील आपल्या प्रभागाची प्रतिमा घ्यावी, तिच्यावरून घरे, ओढे, मोकळ्या जागा यांचा नकाशा काढावा आणि तो हातात घेऊन एक रविवार पायी फिरावे. जिथे ओढा दाखवला आहे तिथे गटाराचे झाकण असेल, हिरवळ दाखवली आहे तिथे शेवाळलेले छप्पर असेल, मोकळी जागा म्हणून सोडली आहे तिथे चार कुटुंबे राहत असतील. अशा चुका वहीत लिहून ठेवाव्यात. नकाशे करणाऱ्याची खरी पदवी ही वही आहे. ती भरत गेली, की पुढे कधी एखाद्या डोंगराचा नकाशा समोर आला, तर त्यात न दिसलेल्या वाडीची शंका घेण्याचे शहाणपण अंगी येते.